विश्लेषण : माळ्यावरचा जुना दिवा मोडीत द्यावा की जपावा?

पेण, रोहा, अलिबाग या पट्ट्यात जुनी कौलारू घरे पाडून नवी बांधकामे उभी राहत आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरून हमखास उतरतात ते दिवे. त्यात पितळी समया, लामणदिवे आणि काच फुटलेले कंदील असतात. कधी एका पिढीने मुंबईहून आणलेला टेबलावरचा रॉकेलचा दिवाही निघतो. यातले बरेच दिवे मोडीच्या भावाने वजनावर जातात. दुसरीकडे जुने दिवे जमवणे हा जगभरचा छंद आहे आणि त्यात ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ शैलीच्या दिव्यांना मोठा मान आहे. ही शैली कोणती, तिचा मुंबईशी आणि कोकणातल्या घरांशी संबंध काय, अस्सल दिवा कसा ओळखायचा आणि विकण्यापूर्वी कायद्यात काय पाहायचे, याचा हा आढावा.

‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ शैली म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कारखान्यांतून घरगुती वस्तूंचे पीक आले. साच्यातून निघालेल्या, वरवर नक्षी चिकटवलेल्या या वस्तूंवर जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांनी टीका केली. वस्तू बनवणाऱ्याला तिच्यात आनंद मिळाला पाहिजे, धातू धातूसारखा आणि लाकूड लाकडासारखे दिसले पाहिजे, सांधे आणि हातोडीच्या खुणा लपवण्याचे कारण नाही, असे हे म्हणणे होते. १८८७ मध्ये लंडनमध्ये ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स एक्झिबिशन सोसायटी’ स्थापन झाली. पुढच्या वर्षी तिचे पहिले प्रदर्शन भरले आणि चळवळीला नाव मिळाले.

दिव्यांच्या बाबतीत इंग्लंडमधले सर्वांत मोठे नाव म्हणजे डब्ल्यू. ए. एस. बेन्सन (१८५४-१९२४). तांबे आणि पितळ एकत्र वापरून त्यांनी केलेले दिवे आजही संग्राहक शोधत असतात. मॉरिस यांचे मित्र असलेल्या बेन्सन यांनी यंत्राला मात्र नकार दिला नाही. त्यांच्या कारखान्यात यंत्रे होती आणि विजेच्या दिव्यांची रचना करणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. त्यामुळे या शैलीचा प्रत्येक दिवा पूर्ण हाताने घडवलेला असतो, हा समज चुकीचा आहे.

अमेरिकेत गुस्ताव स्टिकली यांनी १९०१ मध्ये ‘द क्राफ्ट्समन’ हे मासिक सुरू करून ही शैली मध्यमवर्गीय घरांत नेली. न्यू यॉर्क राज्यातल्या ईस्ट ऑरोरा गावी एल्बर्ट हबर्ड यांच्या ‘रॉयक्रॉफ्ट’ कारागीर वसाहतीत तांब्याचे दिवे घडू लागले. जहाजांच्या गोदीत काम केलेले, मूळचे नेदरलँड्सचे डर्क व्हॅन एर्प यांनी १९०८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड येथे दुकान थाटले. ठोकलेल्या तांब्याची बैठक आणि वर अभ्रकाची छत्री, अशी त्यांच्या दिव्यांची ओळख. अभ्रकातून येणारा मंद, मधाच्या रंगाचा उजेड हे त्यांचे वैशिष्ट्य आहे.

रंगीत काचांचे तुकडे जोडलेले ‘टिफनी’ पद्धतीचे दिवे अनेकदा याच नावाखाली विकले जातात. लुई टिफनी यांचे काम ‘आर्ट नूव्हो’ या वेगळ्या, वेलीफुलांच्या वळणांच्या शैलीत गणले जाते. दोन्हींचा काळ एकमेकांत मिसळतो, पण घडण वेगळी आहे. बाजारात दिसणारे ‘टिफनी’ दिवे बहुतांशी अलीकडच्या नकला असतात, हेही घेणाऱ्याने लक्षात ठेवावे.

या चळवळीचा मुंबईशी संबंध काय?

संबंध जवळचा आहे. सर जे. जे. कला विद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले. १८६५ मध्ये जॉन लॉकवूड किपलिंग तेथे शिकवायला आले आणि १८७५ पर्यंत मुंबईत राहिले. ‘जंगल बुक’चे लेखक रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे पुत्र. क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पे लॉकवूड किपलिंग यांच्या हातची आहेत. कारागिराचे शिक्षण आणि कलावंताचे शिक्षण वेगळे करू नये, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १८९१ मध्ये जे. जे. मध्ये ‘रे आर्ट वर्कशॉप्स’ सुरू झाल्या. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाच्या या कर्मशाळांत धातुकाम, लाकडी कोरीवकाम अशा हस्तकला शिकवल्या जाऊ लागल्या.

दुसरे नाव सर जॉर्ज बर्डवूड यांचे. बेळगावात जन्मलेले आणि मुंबईत डॉक्टर म्हणून काम केलेले बर्डवूड हे भायखळ्याच्या आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उभारणीत पुढे होते. १८८० मध्ये आलेल्या ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्यांनी हिंदुस्थानी गावातल्या कारागिराची बाजू जोरकसपणे मांडली. इंग्लंडमध्ये हस्तकलेचा पुरस्कार करणाऱ्यांना या कारागिरात आपला आदर्श दिसत होता. त्याच काळात विलायती कारखान्यांचा स्वस्त माल इथल्या कारागिराच्या पोटावर येत होता, ही या कौतुकामागची कटू बाजू.

‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ दिव्याची सर्वांत ठळक खूण म्हणजे ठोकलेल्या तांब्याचा पृष्ठभाग. महाराष्ट्राला तो नवा नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत याच कामाला ‘मठारकाम’ म्हणतात. तांब्याचा पत्रा मऊ असतो. ओळीने, एकसारख्या जोराने ठोके दिल्यावर तो कडक होतो आणि घंगाळ, हंडा यांना ताकद येते. उजेडात चमकणारे बारीक पैलू ही या कामाची शोभा. तांबटाला त्यासाठी वेगळा सिद्धान्त मांडावा लागला नाही. कामाची गरज होती तीच शोभा झाली, आणि मॉरिस मंडळींना नेमके हेच हवे होते.

कोकणातल्या घरांत इतके दिवे कसे?

याचे उत्तर वीज आणि वाहतूक या दोन गोष्टींत आहे. अंबा नदीच्या खाडीवरचे धरमतर आज ओळखले जाते ते कोळसा आणि लोहखनिज घेऊन येणाऱ्या बार्ज आणि पेण-अलिबाग रस्त्यावरचा पूल यांमुळे. रस्ते आणि रेल्वे येण्याआधी मुंबईहून कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, उतरण्याच्या मुख्य ठिकाणांपैकी हे एक होते. आगबोटीने धरमतरला यायचे आणि तेथून बैलगाडीने किंवा पुढच्या काळात मोटारीने पेण, नागोठण्याकडे जायचे, असा प्रवास असे. मुंबईचा विलायती माल गावाकडे येण्याची ही वाट होती. काचेच्या चिमण्या, बर्नर, कंदील, रॉकेलचे डबे हा त्या काळच्या अशा मालाचा नेहमीचा भाग.

विजेची गोष्ट अधिक बोलकी आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. खोपोली याच जिल्ह्यातली. तिथली वीज घाटपायथ्याच्या गावांवरून तारांतून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तारांखालच्या गावांत दिवा लागायला मात्र कित्येक दशके जावी लागली. देवापुढे तेलाची समई, ओटीवर कंदील, स्वयंपाकघरात चिमणी आणि लग्नकार्याला भाड्याची गॅसबत्ती, असा कारभार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालला. शहरात जे दिवे लवकर अडगळीत गेले, ते इथे वापरात राहिले. म्हणूनच ते आज माळ्यावर सापडतात.

आपल्याकडे जमवण्याजोगे दिवे कोणते?

ढोबळमानाने चार गट करता येतात.

पहिला गट तेलाच्या धार्मिक आणि घरगुती दिव्यांचा. यात समई, लामणदिवा, ठाणवई, निरांजन, पंचारती हे प्रकार येतात. समई बहुधा सुट्या भागांची असते. बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि वरचे शिखर किंवा पक्षी हे भाग आट्यांनी जोडलेले असतात. लामणदिव्यात दिव्याइतकीच साखळी महत्त्वाची. साखळीच्या कड्यांमध्ये ओतलेले मोर, हत्ती किंवा पोपट असतील तर तिची पारख वेगळी करावी लागते.

दुसरा गट विलायती रॉकेल दिव्यांचा. बर्मिंगहॅमच्या ‘हिंक्स’ कंपनीचा दोन वातींचा ‘डुप्लेक्स’ बर्नर १८६५ चा. वात वरखाली करायच्या चावीच्या गोल टोकावर बहुधा कंपनीचे नाव कोरलेले असते. अमेरिकेच्या ‘डिट्झ’चे कंदील आणि जर्मन ‘पेट्रोमॅक्स’ गॅसबत्त्याही याच गटात. ‘पेट्रोमॅक्स’ हे व्यापारी नाव इतके रुळले की कोणत्याही गॅसबत्तीला लोक तेच म्हणू लागले.

तिसरा गट स्वदेशी दिव्यांचा, आणि मराठी संग्राहकासाठी तो सर्वांत जिव्हाळ्याचा. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने १९०८ मध्ये त्यातून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. काच घडवण्याचे शिक्षण येथे मराठी मुलांना मिळू लागले. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा ‘ओगले ग्लास वर्क्स’ उभा राहिला आणि त्यावरून ओगलेवाडी हे गाव ओळखले जाऊ लागले. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला. विलायती कंदिलाला इथल्या माणसांनी इथेच दिलेले हे उत्तर होते. ‘प्रभाकर’ नावाची अखंड काच आणि तिच्याच जोडीची चौकट एकत्र मिळाली, तर तो कंदील मोडीत घालू नये.

चौथा गट जहाजावरच्या दिव्यांचा. बंदराच्या मुलखात तो सहज भेटतो. डाव्या बाजूचा लाल, उजव्या बाजूचा हिरवा आणि डोलकाठीचा पांढरा, असे हे जाड भिंगाचे दिवे मुंबईतल्या दारुखान्याच्या जहाजतोडणीतून बाजारात आले. गुजरातच्या अलंगमधूनही ते येतात. मात्र याच प्रकारात नकला सर्वाधिक दिसतात.

या चार गटांत अस्सल ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ म्हणावा असा दिवा फार तर एखाद्या जुन्या बंगल्यातून किंवा क्लबमधून येईल. हे दिवे मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांसाठी बनले. ते जमवणाऱ्यांची पारखण्याची पद्धत मात्र आपल्या समईला आणि कंदिलालाही तंतोतंत लागू पडते.

अस्सल जुना दिवा कसा ओळखायचा?

शिक्का पाहा. बेन्सन यांच्या अनेक दिव्यांवर त्यांचे नाव ठसवलेले आढळते. व्हॅन एर्प यांच्या शिक्क्यात पवनचक्की, रॉयक्रॉफ्टच्या शिक्क्यात वर्तुळ आणि त्यावर दुहेरी क्रूस, तर स्टिकलींच्या शिक्क्यात सुताराचा कंपास असतो. शिक्का मारणे सोपे असल्याने केवळ तेवढ्यावर विसंबू नये.

देशाचे नाव वाचा. ब्रिटिश बाजारात विदेशी मालावर मूळ देश लिहिण्याचा कायदा १८८७ चा. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द त्यानंतर सर्रास दिसू लागले. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. बर्नरवर ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर तो १९४९ ते १९९० च्या दरम्यानचा आहे, विक्रेता काहीही सांगो.

स्क्रू तपासा. अधिक चिन्हाच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. ‘१९०० सालचा’ म्हणून दाखवलेल्या दिव्यात ते असतील, तर निदान तेवढा भाग नंतरचा आहे.

लोहचुंबक लावा. पितळ आणि तांबे चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटले तर आत लोखंड आणि वर पितळेचा मुलामा आहे असे समजावे.

झीज कुठे आहे ते पाहा. जिथे हात लागतो, तिथेच खरी झीज असते. समईची बैठक खालून गुळगुळीत होते, वाटीच्या चोचीपाशी वातीचे काळे मुरते, चावीच्या कडा बोथट होतात. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर तो आम्लाने किंवा रंगाने आणलेला असू शकतो.

आटे उघडून पाहा. हाताने कापलेले आटे थोडे असमान असतात आणि एका समईचा दांडा दुसऱ्या समईत बसेलच असे नाही. सगळे भाग सहज अदलाबदल होत असतील तर माल अलीकडच्या साच्याचा असण्याची शक्यता जास्त. याच वेळी ‘डाग’ कुठे दिला आहे, म्हणजे कुठे झाळून सांधले आहे, तेही दिसते. एका दिव्याची बैठक, दुसऱ्याची वाटी आणि तिसऱ्याची काच असा जोडकारभार बाजारात नेहमी आढळतो. तो विकणे गुन्हा नाही, पण घेणाऱ्याला ते माहीत असले पाहिजे.

ठोके निरखा. हाताच्या मठारकामात ठोके ओळीने असले तरी हुबेहूब सारखे नसतात. यंत्राने उमटवलेला नमुना ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तसाच येतो. पत्र्याच्या आतल्या बाजूवरही फरक कळतो.

कायदा काय सांगतो?

जुन्या वस्तूंसाठी मुख्य कायदा आहे पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२. तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. किमान १०० वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू त्यानुसार ‘पुरावशेष’ ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षे आहे. वस्तू भारतातच घडलेली असावी, अशी अट व्याख्येत नाही. शंभर वर्षांची रेषा दर वर्षी पुढे सरकते. ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळीच्या बहराचा काळ साधारण १८८० ते १९२०. म्हणजे त्या काळातले दिवे आता ही रेषा ओलांडून गेले आहेत.

सामान्य घरासाठी चार मुद्दे महत्त्वाचे आहेत.

एक, पुरावशेष परदेशी पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. खासगी निर्यात केल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. परदेशातल्या नातेवाइकांना आजीची समई नेऊन देतानाही हे लक्षात घ्यावे. वस्तू जुनी दिसते, पण शंभर वर्षांची नाही, असे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो.

दोन, काही वर्गांतल्या पुरावशेषांची नोंदणी सक्तीची आहे. त्यात धातू, दगड, लाकूड यांतील शिल्पे येतात. साधी समई आणि मूर्ती असलेला दिवा यांत इथे फरक पडू शकतो. हाती दीप घेतलेल्या दीपलक्ष्मीसारखी मूर्ती जुनी असेल तर नोंदणी अधिकाऱ्याचा सल्ला घेणे शहाणपणाचे. नोंदणी झालेली वस्तू दुसऱ्याच्या मालकीची झाली तर तेही कळवावे लागते.

तीन, पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. घेणाऱ्याने विक्रेत्याकडे परवाना आणि पावती मागावी. देवळातून किंवा वाड्यातून चोरीला गेलेले दिवे बाजारात येण्याचा धोका खरा आहे, आणि पावती नसलेल्या घेणाऱ्याची बाजू लंगडी पडते.

चार, पाया खोदताना जमिनीत काही सापडले तर १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. जुन्या जोत्यांवर नवी घरे उठत असलेल्या गावांत हा कायदा माहीत असलेला बरा.

किंमत कशी ठरते?

मोडवाला धातूचे वजन पाहतो. संग्राहक दिवा पूर्ण आहे का, मूळ काच आणि बर्नर जागेवर आहेत का, शिक्का स्पष्ट आहे का, पृष्ठभाग घासलेला आहे का, आणि दिवा कुठून आला हे सांगता येते का, ते पाहतो. या पाचांपैकी शेवटची गोष्ट फुकट असते आणि तीच सर्वांत आधी हरवते.

मराठी घरांना इथे एक जन्मजात फायदा आहे. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव, गाव, कधी लग्नाची किंवा वास्तुशांतीची तारीख, हा दिव्याचा जन्मदाखलाच. कोण्या इंग्रजी दिव्याच्या मालकाचा शोध घ्यायला लिलावगृहांना जुनी पत्रे धुंडाळावी लागतात. आपल्या समईवर ते बैठकीखाली लिहिलेले असते. दुकानात पॉलिशच्या चाकावर दिवा धरला की पहिली पुसट होतात ती ही अक्षरे.

दर ठरवताना एकाच ठिकाणी विचारून थांबू नये. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार आणि परवानाधारक विक्रेते यांचे भाव वेगवेगळे असतात. ऑनलाइन जाहिरातीतली किंमत ही मागितलेली किंमत असते. ती मिळालेली किंमत समजू नये.

चकचकीत करावा का? वीज जोडावी का?

रोजच्या पूजेची समई चिंचेने घासणे ठीक. संग्रहात ठेवायच्या दिव्याला मात्र चिंच, लिंबू आणि खरखरीत पावडर यांपासून दूर ठेवावे. काळाने चढलेला तपकिरी थर धातूला सांभाळतो आणि वयाची साक्षही देतो. ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ तांब्याच्या दिव्यांत तर हा रंग कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. तो घासून काढला की दिव्याचे मोल मोठ्या प्रमाणात उतरते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसणे बहुतेक वेळा पुरते.

कोकणात मुख्य शत्रू आहे खारी दमट हवा. तांबे, पितळ, कांसे यांवर फिकट हिरवी, भुकटीसारखी पडणारी बुरशीसदृश पुटकुळी दिसली तर ते साधे कळकणे नाही. क्षारांमुळे धातू आतून पोखरला जात असल्याची ती खूण असू शकते. असा दिवा वेगळा, कोरड्या जागी ठेवावा आणि धातुसंवर्धनाच्या जाणकाराला दाखवावा. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवणे सर्वांत वाईट, कारण कागद ओल धरतो.

रॉकेलच्या दिव्याला वीज जोडण्यासाठी टाकीला भोक पाडणे ही सर्रास होणारी चूक. ते भोक बुजवता येत नाही. बर्नरच्या जागी बसणारा होल्डर वापरला तर मूळ भाग शाबूत राहतात. जुन्या विजेच्या दिव्यांतली कापडी किंवा रबरी वेष्टनाची वायर ठिसूळ झालेली असते. ती बदलल्याशिवाय दिवा लावू नये. दिवा धातूचा असल्याने अर्थिंग हवेच. एलईडी बल्ब कमी तापतो, त्यामुळे अभ्रक आणि जुन्या काचेला तो सोयीचा. गॅसबत्तीच्या जुन्या मेंटलमध्ये थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य असते. जळून गेलेल्या मेंटलची राख फुंकू नये, हाताळल्यावर हात धुवावेत.

संग्रहाला अर्थ कधी येतो?

याचे मराठी उत्तर पुण्यात बाजीराव रस्त्यावर आहे. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. लहान वयात गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केले. अडकित्ते, कुलपे, दौती, फण्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू हा त्यांच्या आवडीचा विषय, आणि दिवे हा त्यातला एक समृद्ध विभाग. १९६१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने त्यांचे ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक काढले.

मॉरिस यांनी इंग्लंडमध्ये सांगितले की रोजच्या वापरातली वस्तू सुंदर असली पाहिजे. केळकरांनी गावोगाव फिरून ती तशी होतीच, हे दाखवून दिले. त्यांचा संग्रह टिकला याचे कारण तो एका ठिकाणी राहिला, त्याची नोंद झाली आणि तो लोकांसाठी खुला झाला. तेच दिवे शंभर घरांत विखुरले असते तर आज किती शाबूत राहिले असते, हा प्रश्न आहे.

प्रत्येक घराला संग्रहालय करायची गरज नाही. दिवा विकणेही गैर नाही. पण विकण्याआधी त्याची ओळख लिहून ठेवणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. चारही बाजूंनी आणि खालून मोबाइलवर फोटो काढावेत. शिक्का किंवा कोरलेल्या नावाचा फोटो तिरप्या उजेडात जवळून घ्यावा. उंची आणि वजन नोंदवावे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून तो कुणी आणला, कुठून आणला, कुठे टांगलेला असे आणि कोणत्या कार्याला लागत असे, ते चार ओळींत टिपून ठेवावे. ही माहिती फोटोबरोबर भावंडांना पाठवली की ती एका फोनपुरती राहत नाही.

यासाठी पंचांगात एक दिवस आधीच ठरलेला आहे. आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्याची अवस. या दिवशी घरातले झाडून सगळे दिवे उतरवले जातात, पाटावर मांडले जातात, त्यांची पूजा होते आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवला जातो. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या दिव्यांची अशी आपसूक मोजदाद होते. यंदा ते पाटावर मांडल्यावर, चिंच लावण्याआधी, फोटो काढून घेता येतील.